पंद : गाजराच्या घराण्यांतलें एक रानफूल
(शेतकऱ्यांच्या मुलामुलींना सांगण्याकरितां)

आपल्या मासिकांत पिकें, खतें, गुरें आणि बाजारभाव यांविषयीं नेहमींच लिहिलें जातें, व तें योग्यहि आहे. परंतु ज्यांच्या हातीं उद्यां आपली जमीन जावयाची त्या मुलांकरितां आपण फारसें लिहीत नाहीं. शेतकऱ्याच्या मुलास पिकांचीं नांवें येतात. तणें उपटावीं लागतात, म्हणून त्यांचींहि नांवें येतात. पण जें पीक नाहीं आणि तणहि नाहीं, जें आपल्या डोंगरावर आपोआप उगवतें व आपोआप मावळतें, त्याचें नांव विचारलें तर "रानफूल" एवढेंच उत्तर मिळतें. प्रस्तुत लेखांत अशाच एका रानफुलाची हकीकत सांगितली आहे. वाचकांनीं ती आधीं स्वतः वाचावी, आणि रात्रीं जेवणें झाल्यावर मुलांना जवळ बसवून आपल्या शब्दांत सांगावी, अशी विनंति आहे.

ही हकीकत लिहिण्यास एक निमित्त झालें. आमची थोडी जमीन सातारच्या पश्चिमेस डोंगरपट्टींत आहे. खालच्या तुकड्यांत भात व त्यामागून हरभरा निघतो. वरचा तुकडा सुमारें तीन एकरांचा, अगदीं पठारावर आहे. पठार म्हणजे जांभ्याचा कातळ आणि त्यावर चार बोटें माती. कोंकणांत ह्यालाच सडा म्हणतात. पावसाळ्यांत गुरांना गवत, याखेरीज त्या तुकड्याचें उत्पन्न कधींच नव्हतें. गेल्या श्रावणांत जांभ्याचे चिरे काढणाऱ्या एका खाणवाल्यानें तो आमच्याकडे खंडानें मागितला. रक्कम अशी होती, कीं अर्धवट राहिलेलें विहिरीचें बांधकाम तींतून पुरें झालें असतें. माझा मुलगा म्हणाला, "आबा, जेथें कांहींच पिकत नाहीं ती जमीन राखून काय करावयाचें?" मला त्यास उत्तर सुचलें नाहीं. गणपति उठल्यावर कळवूं, असें सांगून मीं खाणवाल्याकडून वेळ घेतला.

चतुर्थीच्या आधींच्या रविवारीं नऊ वर्षांच्या नातवास व सात वर्षांच्या नातीस बरोबर घेऊन मी तेरडा आणण्यासाठीं पठारावर गेलों. पाऊस नुकताच उघडला होता. तेरड्याचा गुलाबी रंग आणि सोनकीचा पिवळा रंग दूरवर पसरला होता, व त्यांच्या मधून गुडघ्याहून उंच अशा दांड्यांवर पांढऱ्या पांढऱ्या छत्र्या डोलत होत्या. नात म्हणाली, "आजोबा, कोथिंबिरीला एवढीं मोठीं फुलें कोठून आलीं?"

मुलीचें बोट अगदीं बरोबर ठिकाणीं पडलें होतें. तीं फुलें कोथिंबिरीचीं नव्हतीं, पण कोथिंबिरीच्या भाऊबंदांपैकींच होतीं. मी म्हणालों, "ह्याला पंद म्हणतात. कोणी पांड असेंहि म्हणतात. खालीं बसा, आणि ह्या फुलास हात न लावतां तें डोळ्यांनीं मोजूं या."

छत्रींत छत्र्या

पंदाचा दांडा पोकळ वेताप्रमाणें सरळ वर जातो. त्याच्या माथ्यावरील एकाच बिंदूपासून बारीक काड्या चोहोंकडे फांकतात, जशा छत्रीच्या तारा दांड्यापासून फांकाव्या तशा. मुलांनीं काड्या मोजल्या, त्या तेरा भरल्या. मग नातवाच्या लक्षांत आलें, कीं प्रत्येक काडीच्या टोंकावर पुन्हां एक लहानशी छत्री आहे, आणि खरीं फुलें त्या लहान छत्रीवर आहेत. एका लहान छत्रींत त्यास अठरा फुलें सांपडलीं. मीं त्याला तेथेंच हिशेब घातला: तेरा छत्र्या, प्रत्येकींत अठरा फुलें, तर एकूण किती? बोटें मोडून त्यानें दोनशें चौतीस असें उत्तर दिलें. जें आपण दुरून एक फूल समजतों तो दोन-अडीचशें फुलांचा मेळा असतो, हें मुलांना मोजल्याशिवाय पटत नाहीं, आणि एकदां मोजलें म्हणजे तें तीं विसरत नाहींत.

आतां एक फूल पाहा. पाकळ्या पांच, पुंकेसर पांच, आणि मधोमध दोन लहान शिंगांसारखे स्त्रीकेसर. छत्रीच्या मध्यावरील फुलें बारीक व सगळीकडून सारखीं दिसतात. पण कांठावरच्या फुलांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या बाहेरच्या अंगास असलेल्या पाकळ्या इतर पाकळ्यांहून पुष्कळ मोठ्या असून टोंकाशीं चिरलेल्या असतात. नातीनें विचारलें, "बाहेरच्याच कां मोठ्या?" मीं तिला उलट विचारलें, "लग्नाच्या मांडवाला झालर आंत लावतात कीं कांठाला?" ती हंसली व म्हणाली, "कांठाला. लांबून येणाऱ्याला दिसावी म्हणून." पंदाचेंहि तेंच आहे. प्रत्येक फुलानें मोठी पाकळी करावयाची म्हटलें तर झाडाचा खर्च फार होईल. म्हणून कांठावरच्या फुलांनीं झालर लावावयाची, आणि आंतल्यांनीं पाहुण्यांस जेवूं घालावयाचें, अशी ही वांटणी आहे.

मिसळणाच्या डब्यांतले नातेवाईक

ज्या झाडांचीं फुलें अशीं छत्रीवर येतात त्यांच्या मोठ्या कुळास छत्रपुष्पी कुळ अथवा गाजराचें कुळ म्हणतात. जगांत ह्या कुळाच्या सुमारें ३,७०० जाति आहेत. पण तें समजण्यास जगभर हिंडण्याचें कारण नाहीं, स्वयंपाकघरांत जावें. घरीं आल्यावर मीं सूनबाईकडून मिसळणाचा डबा मागून घेतला, आणि मुलांना सांगितलें, "ह्यांत पंदाचे नातेवाईक कोण तें ओळखा."

मुलांनीं आधीं धने काढले, मग जिरें. मीं त्यांत ओवा, बडिशेप, शहाजिरें आणि हिंगाची डबी घातली. मोहरी, मेथी व हळद बाजूस ठेविलीं, कारण मोहरी ही कोबी-मुळ्याची, मेथी ही हरभरा-वाटाण्याच्या शेंगवर्गाची आणि हळद ही आल्याची नातलग होय. परसांतला शेपू व मळ्यांतलें गाजर हींहि ह्याच घराण्यांतलीं. ओलसर बांधावर पसरणारी एकपानी ब्राह्मी, जिला आपण कारिवणा म्हणतों, तीहि ह्याच कुळांतली, जरी तिची छत्री इतकी लहान असते कीं वांकून पाहिल्याशिवाय ती दिसत नाहीं. हिंग हा मात्र ह्या कुळांतील एका झाडाच्या मुळाचा वाळलेला चीक आहे. तो अफगाणिस्तान व इराण येथून आपल्याकडे येत आला. हिंदुस्थानांत त्याची लागवड करण्याचा प्रयत्न हिमाचल प्रदेशांतील लाहौलच्या खोऱ्यांत २०२० सालीं सुरू झाला.

धने हें बीं आहे, असें आपण म्हणतों. वास्तविक तें फळ आहे. धन्याचा एक दाणा घेऊन हलक्या हातानें रगडला, कीं त्याच्या दोन फोडी होतात, व प्रत्येक फोडींत एक बीं असतें. म्हणूनच कोथिंबीर पेरण्यापूर्वीं आपण धने फळीखालीं रगडून घेतों. न रगडतां पेरले तर दोन रोपें एकाच ठिकाणीं दाटीनें उगवतात, व उगवण्यासहि वेळ लागतो. दोन फोडींचें फळ ही ह्या सर्व कुळाची खूण आहे. जिऱ्याचा दाणा नीट न्याहाळला तर त्यावर बारीक उभ्या रेघा दिसतील. फळाच्या सालींत तेलाच्या सूक्ष्म नळ्या असतात, आणि फोडणींत जिरें टाकतांच जो वास घरभर सुटतो तो त्या नळ्यांतल्या तेलाचा होय.

पंदाचें फळहि दोन फोडींचेंच असतें. पण तें धन्यासारखें गोल नसून टिकलीसारखें चपटें असतें, व त्याच्या कडेला पातळ पापुद्रा असतो. धन्याला माणूस पेरतो. पंदाला वारा पेरतो. आश्विनाच्या वाऱ्यावर ह्या चपट्या फोडी सुटून थोड्या दूर जाऊन पडतात.

जमिनीखालची शिदोरी

नातवानें मग मोठा प्रश्न विचारला: "आजोबा, चैत्रांत आपण येथें करवंदें काढावयास येतों, तेव्हां हें कांहींच नसतें. मग हें झाड जातें कोठें?"

तें कोठेंहि जात नाहीं. चैत्र-वैशाखांत पठार तव्यासारखें तापतें, गवत वाळून जातें, आणि चार बोटें मातींत ओल उरत नाहीं. त्या वेळीं पंदाचें सर्व शरीर वाळून गेलेलें असतें. पण कातळाच्या भेगेंत त्याचा कंद झोंपलेला असतो. मृगाच्या सरी पडल्या, कीं तो जागा होतो, खरबरीत, दांतेरी पानें जमिनीलगत पसरतो, आणि श्रावण-भाद्रपदांत दांडा उभारून फुलतो. पाऊस सरण्यापूर्वीं पानांनीं केलेली कमाई पुन्हां कंदांत भरून ठेवतो. चार महिने मिळवावयाचें व आठ महिने तें पुरवावयाचें, असा ह्याचा संसार आहे. कोरडवाहू शेतकऱ्यास हा संसार वेगळा समजावून सांगण्याची जरूर नाहीं.

गाजराचेंहि असेंच आहे. गाजर जें जाड होतें तें आपल्या कोशिंबिरीसाठीं नव्हे. तें पहिल्या हंगामांत पुढच्या हंगामाच्या फुलांकरितां शिदोरी बांधून ठेवतें. आपण ती शिदोरी मध्येंच उपटून खातों, म्हणून गाजराचें फूल शेतकऱ्याच्या मुलांनींहि सहसा पाहिलेलें नसतें. तें पाहण्याचा एक सोपा प्रयोग आहे. पौष महिन्यांत देशी लाल जातीचीं दोन-तीन चांगलीं गाजरें घ्यावीं. खालचा एक-तृतीयांश भाग कापून टाकावा, पाला चार बोटें ठेवून छाटावा, आणि उरलेला गड्डा मातींत शेंड्यापर्यंत पुरून बेताचें पाणी द्यावें. गाजराचें बियाणें धरणारे शेतकरी हीच रीत वापरतात. कांहीं आठवड्यांनीं त्यांतून दांडा निघतो, आणि पंदासारखीच पांढरी छत्री फुलते. विलायती नारिंगी जातींस फुलण्यास कडक थंडी लागते, म्हणून त्यांचें बियाणें थंड डोंगराळ प्रदेशांत तयार करतात. मुलांच्या प्रयोगासाठीं देशी गाजरच घ्यावें.

उघड्या ताटावरचे पाहुणे

आम्हीं पठारावर एका छत्रीजवळ पाव तास स्वस्थ बसून राहिलों. तेवढ्यांत तिच्यावर मुंग्या, तीन-चार प्रकारच्या माश्या, एक बारीक भुंगेरा, सातेरीची एक मधमाशी आणि तिळाएवढी एक काळी गांधीलमाशी येऊन गेली. कांहीं फुलांचा मध खोल नळींत असतो, व तो लांब सोंडेच्या फुलपांखरालाच मिळतो. गाजरकुळांतल्या फुलांचा मध फुलाच्या मध्यावर उघडा असतो. ज्याची जीभ आंखूड, त्यालाहि तो चाटतां येतो. श्रीमंताघरची पंगत नव्हे, तर गांवजेवण आहे हें.

ह्या गोष्टीकडे शेतकऱ्यानें व्यापाऱ्याच्या नजरेनें पाहावें. करडई, हरभरा, कोबी, मोहरी ह्यांवर मावा व अळ्या पडतात. फुलांवर तरंगत उभी राहणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची जी सिरफिड माशी, तिच्या अळ्या मावा खातात. तिळाएवढ्या परोपजीवी गांधीलमाश्या पिकावरील अळींच्या अंगांत आपलीं अंडीं घालतात, व त्यांतून निघालेलीं पिल्लें त्या अळ्यांना संपवितात. पण ह्या दोन्ही कीटकांचीं मोठीं झालेलीं माणसें, म्हणजे माद्या व नर, मधावर जगतात, आणि त्यांचें तोंड आंखूड असल्यामुळें त्यांना उघडा मध लागतो. बांधावर एकहि फूल नसेल, तर आपलीं ही फुकटची फौज उपाशीं राहून निघून जाते.

म्हणून जेथें पंद उगवत नाहीं अशा विदर्भ-मराठवाड्यांतील वा खानदेशांतील वाचकांनींहि निराश होऊं नये. भाजीच्या कडेनें कोथिंबिरीची, शेपूची वा बडिशेपेची एक ओळ न खुडतां फुलूं द्यावी. ती फुललेली असतां सकाळीं औषध फवारूं नये. फवारणें अगदीं भागच पडलें, तर मधमाश्या घरीं गेल्यावर संध्याकाळीं फवारावें. त्या ओळीचे धने घरांत येतातच. वर पाहुण्यांची सोय होते, आणि मुलांना छत्री मोजावयास मिळते. मधमाश्यांचें महत्त्व आतां सरकारदरबारींहि पटूं लागलें आहे. महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें गांव २०२२ सालीं "मधाचें गांव" म्हणून जाहीर झालें.

मुलांनीं पाळावयाचा एक नियम

येथें मुलांना, आणि त्यांच्या वडील माणसांनाहि, एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. पंद हा गाजराचा नातेवाईक, त्याला कंद असतो, एवढें ऐकून नातवानें लगेच विचारलें, "मग खणून खाऊं या का?" मीं त्याचा हात धरला.

कुळ एक असलें म्हणून गुण एक असतात असें नाहीं. ज्या कुळांत जिरें-धने आहेत त्याच कुळांत युरोपांतील हेमलॉक हें भयंकर विषारी झुडूप आहे. ख्रिस्तपूर्व ३९९ मध्यें अथेन्सच्या न्यायसभेनें सॉक्रेटिस ह्या तत्त्ववेत्त्यास जो विषाचा पेला पिण्याची शिक्षा दिली, तो ह्याच झाडाचा होता असें समजलें जातें. हेमलॉकचीं पानें गाजराच्या पाल्यासारखीं दिसतात, व त्यामुळेंच फसून लोक दगावले आहेत. ह्याच कुळांतील दुसऱ्या कांहीं झाडांचा चीक अंगास लागून वर ऊन पडलें, तर कातडीवर भाजल्यासारखे फोड उठतात. कॉकेशसच्या डोंगरांतून युरोपांत शोभेसाठीं नेलेलें एक पुरुषभर उंचीचें झाड ह्याबद्दल कुप्रसिद्ध आहे, आणि पंदास वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वीं त्या झाडाच्याच वंशांत धरीत असत.

म्हणून नियम असा: जें आपण पेरलें नाहीं व ज्याची पारख घरांतल्या जाणत्या माणसास नाहीं, त्याचें पान, मूळ वा बीं तोंडांत घालावयाचें नाहीं, आणि त्याचा चीक अंगास लावावयाचा नाहीं. वासच घ्यावयाचा असेल तर परसांतल्या कोथिंबिरीचें पान चुरडावें. रानफुलाची ओळख डोळ्यांनीं करून घ्यावी; त्यासाठीं जीभ लागत नाहीं.

नांवाची गोष्ट

पंद हा जगांत सह्याद्रीच्या रांगेखेरीज आपल्याआपण कोठेंहि उगवत नाहीं. हें ऐकून मुलांना आश्चर्य वाटलें. त्यांना वाटे, कीं जें फूल आपल्या पायाशीं हजारोंनीं उगवतें तें सगळीकडेच असावयाचें.

शास्त्रीय ग्रंथांत ह्याची नोंद प्रथम १८५० सालीं निकोल अलेक्झांडर डाल्झेल ह्या स्कॉटिश गृहस्थानें केली. हा मनुष्य मुंबई इलाख्यांत जकात खात्यांत नोकरीस होता, व पुढें जंगल खात्याचा अधिकारी झाला. नोकरी करतां करतां तो झाडें गोळा करी. अलेक्झांडर गिब्सन याच्याबरोबर त्यानें १८६१ सालीं "बाँबे फ्लोरा" हा मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानें पंदाला "हेराक्लियम कोंकनेन्से" असें नांव दिलें. पहिला शब्द ग्रीक पुराणांतील महाबली हेराक्लीझ यावरून, आणि दुसरा आपल्या कोंकणावरून. पुढें शंभराहून अधिक वर्षांनीं, १९८६ सालीं, मुखर्जी व कॉन्स्टन्स ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं असें दाखवून दिलें, कीं हें झाड हेराक्लियमच्या वंशांतलें नसून त्याचा वंश स्वतंत्र आहे. त्यांनीं त्यास "पिंडा कोंकनेन्सिस" ह्या नांवानें वेगळें काढलें. पिंडा हा शब्द आपल्या पंदाच्या कानाला परका वाटणारा नाहीं.

पूर्वीं इंग्रजी नांवाच्या थाटांत देशी नांव बुजून जात असे. येथें देशी नांवाशीं जुळणारें नांव जगाच्या पुस्तकांत जाऊन बसलें आहे. तेव्हां मुलांनीं पंद हें नांव विसरलें, तर दोष पुस्तकांचा नाहीं. आपण तें त्यांच्या कानांवर घातलें नाहीं, हा आपला दोष आहे.

पठाराचें देणें

सातारच्या पश्चिमेस असलेलें कास पठार पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल. सह्याद्रींतील ज्या ३९ स्थळांना २०१२ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांत कासचा समावेश आहे. तेथें भाद्रपदांत पंद, तेरडा, सोनकी, सीतेचीं आसवें अशीं अनेक फुलें पाहावयास लोक दुरून येतात. पण कास हें एकच पठार नव्हे. तशींच शेंकडों लहान पठारें व सडे गांवोगांवच्या शेतकऱ्यांच्या खातेउताऱ्यावर आहेत, आणि त्यांना कोणी मान दिलेला नाहीं. त्यांचें राखणें वा मोडणें केवळ आपल्या हातीं आहे.

अशा जमिनीस आपण "पोटखराबा" म्हणतों. शेतसाऱ्याच्या दृष्टीनें तें ठीक आहे. परंतु मुलांना घरीं सोडून मी त्याच संध्याकाळीं एकटाच पुन्हां वर गेलों, आणि ह्या वेळीं फुलें न पाहतां पाणी पाहिलें. पठारावर जागोजाग खळगे भरलेले होते, कातळ पाझरत होता, आणि सबंध पठार पाणी हळूहळू पिऊन घेत होतें. जांभा सच्छिद्र असतो. तो पावसाचें पाणी पोटांत घेतो व खालच्या अंगास सावकाश सोडतो. आमच्या खालच्या तुकड्याच्या डोक्यावर जो झरा आहे, आणि ज्याच्यावर आमचा हरभरा व गुरांचें पाणी अवलंबून आहे, तो ह्याच कातळांतून येतो. चिरे काढून नेले म्हणजे तो साठा गाडींत भरून नेल्यासारखेंच होय. पैशांतून विहीर पुरी झाली असती. पण तिच्यांत पाणी कोठून आलें असतें, ह्याचा हिशेब आम्हीं कोणीं केला नव्हता.

मुलाला मीं हें सांगितलें. तो थोडा वेळ गप्प राहिला, व दुसऱ्या दिवशीं स्वतः जाऊन झरा, उतार व पठार पाहून आला. परत आल्यावर तो एवढेंच म्हणाला, "आबा, आपण तें ताट मोडून भांडें घेणार होतों." गणपति उठल्यावर आम्हीं खाणवाल्यास नकार कळविला. विहिरीचें बांधकाम त्या वर्षीं राहिलें. तें अजूनहि पुरें झालेलें नाहीं. ही अडचण खरी आहे, व ती लपविण्यांत अर्थ नाहीं. ज्या कोणास अशी मागणी येईल त्यानें निदान इतकें करावें: सही करण्यापूर्वीं भर पावसांत एकदां पठारावर जावें, आणि तेथलें पाणी उतरून कोणाच्या शेतांत जातें तें पायीं चालत शोधावें.

आणखी एक चूक आम्हीं स्वतः करीत होतों, तीहि सांगतों. नवें गवत जोमानें यावें म्हणून फाल्गुनांत पठारावर आग लावण्याची आमच्याकडे वहिवाट होती. कातळांतला कंद कदाचित् त्यांतून वांचत असेल. पण मातीवर पडलेलें बीं, आधींच पातळ असलेल्या मातीचा पाला-पाचोळा, आणि तिच्यांतले जीव जळून जातात. दोन वर्षें झालीं, आम्हीं गवत कापून आणतों, पेटवीत नाहीं. गुरें मात्र पूर्वींप्रमाणें बेतानें चरतात. त्यांना बंदी केलेली नाहीं.

मुलांकरितां थोडक्यांत

आतां मुलांनीं लक्षांत ठेवण्याच्या गोष्टी सांगून लेख पुरा करतों. पंद हें गाजर, धने, जिरें यांच्या कुळांतील झाड आहे. त्याचीं फुलें छत्रींतल्या छत्र्यांवर येतात. कांठावरच्या पाकळ्या मोठ्या असतात. फळाच्या दोन फोडी होतात. उन्हाळ्यांत तो जमिनीखालीं कंदाच्या रूपानें राहतो. त्याचा मध उघडा असतो, व तो शेतकऱ्याच्या मित्रकीटकांना पोसतो. तो सह्याद्रीखेरीज कोठेंहि नाहीं. तो तोडावयाचा नाहीं, खणावयाचा नाहीं, चाखावयाचा नाहीं, मोजावयाचा आहे.

यंदाच्या चतुर्थीस नात पुन्हां माझ्याबरोबर वर आली होती. ह्या वेळीं तिनें कोणालाहि न विचारतां खालीं बसून काड्या मोजल्या. त्या सोळा होत्या. घरीं येऊन तिनें आपल्या आईस सांगितलें, कीं गेल्या वर्षीं तेरा होत्या व ह्या वर्षीं सोळा आहेत, म्हणजे पंदाचा संसार वाढला. दोन्ही वर्षांची छत्री एकाच झाडाची होती कीं काय, हें मीं तिला विचारलें नाहीं. पुढच्या वर्षीं खुणेला शेजारीं एक दगड ठेवावयाचा, असें मात्र आमचें ठरलें आहे.

आपल्या भागांत ह्या फुलास दुसरें कांहीं नांव असेल, अथवा आपल्या डोंगरावर तें कोणत्या महिन्यांत फुलतें ह्याची कोणीं नोंद ठेविली असेल, तर वाचकांनीं ती मासिकाकडे जरूर कळवावी.